कोरडा हात

१

रविवारी सकाळी साडेसहाला परतूरकरांच्या दाराशी दोन पिशव्या भरून ठेवलेल्या असत. एक उदयची, एक योगिनीची. टॉवेल, पोहण्याचे कपडे, बदलायचे कपडे, आणि तिच्या पिशवीत चहाचा थर्मास. उदय गाडीची किल्ली बोटावर गरगर फिरवत म्हणायचा, "चला बाईसाहेब, बुडायला." योगिनी कुलूप लावायची. नारायणगुड्याहून नागोलला पोचायला रविवारी अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासात दोघांचं बोलणं व्हायचं ते सिग्नलबद्दल, आणि परत येताना बंडीवर इडली खायची की घरीच पोहे करायचे याबद्दल.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या लेकीने, प्राचीने, अंदमानची सहल भेट दिली होती. नुसती सहल नाही. पाठीला सिलिंडर बांधून समुद्रात उतरायचं, मासे बघायचे, प्रवाळ बघायचं. "तिथे जाऊन ऐन वेळी घाबरण्यापेक्षा हैदराबादेतच शिकून घ्या," प्राची फोनवर म्हणाली होती. "आणि आई, तू भिऊ नकोस. बाबा आहेत ना."

उदय सिटी सिव्हिल कोर्टात वकील होता. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील मुन्सफ, आणि हा बोलण्यात कुणाला हार न जाणारा. लग्नकार्यात त्याच्या गोष्टी ऐकायला लोक खुर्च्या ओढून जवळ बसत. बहुतेक गोष्टी योगिनीच्या असत. योगिनीने गाडी शिकताना दुधाचा टेम्पो कसा ठोकला. योगिनी लिफ्टमध्ये अडकली तेव्हा तिने वॉचमनला कोणकोणत्या देवांच्या शपथा घातल्या. लोक पोट धरून हसत, आणि योगिनीही हसे. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची आणि घरी चूप बसायची.

नागोलच्या एका क्लबामागे पाच मीटर खोल निळ्या फरश्यांचा टँक होता. शिकवणारा समीर पस्तिशीचा, सहा वर्षं गोव्याच्या समुद्रात काम करून आपल्या गावी परतलेला.

"पानी में बात नक्को, मॅडम," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. "हाथ से बोलना. अंगूठा और उंगली का गोल बनाए तो मतलब सब ठीक. येइच सवाल, येइच जवाब. सामने वाला पूछा तो जवाब देनाच देना. हतेली ऐसी हिलाए तो समझो कुछ गडबड. अंगूठा ऊपर तो ऊपर, अंगूठा नीचे तो नीचे. और बडी को छोडके कहीं नहीं जाना. बडी मतलब जोडीदार. आप दोनों बडी."

"हमारी मॅडम का जरा देखना हां, समीर," उदय म्हणाला. "पाँच मिनिट में घबराहट शुरू होती उनको. हम तो पच्चीस साल से झेल रहे."

समीर हसला. योगिनी हसली.

मग तोंडात ती रबराची नळी धरून ती शिडीने खाली उतरली. पाणी डोक्यावरून मिटलं. तळाशी गुडघे टेकून बसायचं होतं, बस्स. पण बसल्यावर तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. आत घेताना घरघर, सोडताना खळखळ. एवढ्या जवळून स्वतःचा श्वास तिने कधी ऐकला नव्हता. तो आपला नाहीच, दुसरंच कुणी आपल्या डोक्यात बसून श्वास घेतंय असं वाटलं, आणि छाती आवळली. नळी ओढून फेकावी, ओरडावं.

तेवढ्यात तिच्या डाव्या हातात एक हात आला.

त्याने घट्ट धरलं नाही, खेचलं नाही. हातात हात दिला आणि अंगठ्याने तिच्या बोटांच्या सांध्यांवर हळूच दाबलं. एकदा. थांबून पुन्हा एकदा. श्वास घे, सोड. घे, सोड. योगिनीने त्या दाबाबरोबर श्वास घेतला. दोन मिनिटांत छाती सुटली. मास्कमुळे बाजूचं काही दिसत नव्हतं, आणि मान वळवायचं धैर्य तिला अजून आलं नव्हतं. ती तशीच बसून राहिली. आत मास्कमध्ये तिचे डोळे भरून आले होते. उदयने असा हात शेवटचा कधी धरला होता ते तिला आठवेना.

परत येताना मुसारामबागच्या सिग्नलला ती म्हणाली, "तुम्ही हात धरलात ते बरं झालं. नाहीतर मी वर आले असते."

"कुठला हात?"

"खाली. तळाशी."

"मी कुठे होतो तळाशी? माझा कान ठणकायला लागला म्हणून मी शिडीलाच लटकून होतो. विचार समीरला." मग तो हसला. "काय योगिनी! घाबरून स्वतःचाच हात धरून बसली असशील."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधल्या प्रशांत सरांना ही गोष्ट आधीच माहीत होती. ते उदयबरोबर बॅडमिंटन खेळत.

२

पुढच्या रविवारपर्यंत योगिनीने समजूत घालून घेतली. समीरनेच धरला असेल. पण समीर तर तेव्हा तिच्या समोर बसून तिला गोल दाखवत होता. मग भीतीने मुंग्या आल्या असतील. पाणी फसवतं, हे ती नववीच्या मुलांना दर वर्षी शिकवायची. पाण्यातली वस्तू आहे त्याहून जवळ दिसते, मोठी दिसते. डोळे फसतात तर हात का फसू नयेत?

त्या रविवारी उदय कानात थेंब घालून तळापर्यंत आला. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने बाहेर फुंकून टाकायचा धडा होता. आधी उदयची पाळी. समीर त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. दोघं योगिनीच्या समोर, चार हातांवर. उदयने मास्क जरा उचलला, पाणी आत गेलं, तो धडपडला, समीरने त्याचे खांदे धरले.

आणि योगिनीच्या डाव्या हातात हात आला.

ती समोर बघत होती. उदयचे दोन हात तिला दिसत होते, समीरचे दोन दिसत होते. चारही हात मोजून झाले, आणि पाचवा तिच्या हातात होता. अंगठा सांध्यांवर दाबत होता.

तिला आधी भीती नाही वाटली. आधी वाटलं, हा कोरडा आहे.

ही गोष्ट तिच्या बुद्धीने लगेच खोडून काढली. पाण्यात पूर्ण बुडालेल्या हाताला ओलं-कोरडं कळतच नाही. कातडीला थंड कळतं, दाब कळतो. ओल म्हणून वेगळं काही कळत नाही. हे सगळं खरं होतं. पण वर्गातून बाहेर आल्यावर खडूची भुकटी लागलेली बोटं एकमेकांवर घासली की जसं वाटतं तसं तिच्या तळव्याला वाटत होतं.

तिने मान वळवली. मास्कची कड आडवी आली. आणखी वळवली. बाजूला निळ्या फरश्या होत्या. हात केव्हा सुटला ते कळलं नाही. तिची मूठ मात्र कुणाचा हात धरल्यासारखी अर्धवट मिटलेली होती.

बायकांच्या खोलीत कपडे बदलताना तिने दोन्ही तळवे ट्यूबलाइटखाली धरले. तास-सव्वातास पाण्यात राहून उजव्या हाताची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, मनुकांसारखी. डाव्या हाताची बोटं गुळगुळीत होती. जणू तो हात पाण्यात गेलाच नव्हता.

बाहेर समीर सिलिंडर पुसत होता. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "समीर, इस टँक में पहले कभी कुछ हुआ था क्या?"

"नया टँक है, मॅडम. पिछले साल बना. मेरे हाथ से पहला पानी भरा." तो फडकं पिळत थांबला. "कायकू पूछरे?"

"ऐसेइच."

"एक बात बोलूं? आप नीचे डावा हाथ बाजू में करके बैठते ना, किसी का हाथ पकडे सरीका. मैं समझा साब हैं. फिर देखा, साब तो मेरे पास." तो हसला, पण नीट नाही. "अच्छी आदत है वैसे. बडी का हाथ पकडना."

३

त्याच आठवड्यात निर्मलाबाईंचा फोन आला. निर्मलाबाई तिच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या, आता दिलसुखनगरला लेकाकडे राहत. शाळेच्या संस्थेने दिलसुखनगरला नवी शाखा काढली होती. तिची मुख्याध्यापिका योगिनी होणार असं वर्षभर सगळे धरून चालले होते, आणि जूनमध्ये भलत्याच बाईंची नेमणूक झाली. कारण कुणी सांगितलं नव्हतं. योगिनीनेही विचारलं नव्हतं.

"तब्येत कशी आहे आता तुझी?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"बरी आहे की. मला काय झालंय?"

"म्हणजे ते घबराटीचं गं. गोळ्या चालू आहेत ना?"

"कसल्या गोळ्या?"

निर्मलाबाई आधी चाचरल्या, मग बोलल्या. फेब्रुवारीत संस्थेच्या चिटणिसांच्या मुलीचं लग्न होतं. तिथे उदयनेच चिटणिसांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. योगिनीला झटके येतात, ती वरून दाखवत नाही, पण एवढी जबाबदारी तिला झेपायची नाही. बाहेर कुणाला कळू देऊ नका. "मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं असेल. तुझेच मिस्टर म्हटल्यावर कोण शंका घेईल, सांग?"

उदय कोर्टातून आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. चहा केलेला नव्हता.

"तुम्ही चिटणिसांना काय सांगितलंत?"

त्याने विचारलं नाही, कुठले चिटणीस. कोट खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. "जे खरं आहे तेच."

"मला झटके कधी आले?"

"तुझे वडील गेले तेव्हा. दहा दिवस तू थरथरत होतीस. रात्ररात्र मी जागा होतो."

"अहो, वडील गेले होते माझे! पंधरा वर्षं झाली त्याला."

"हे बघ, योगिनी." आवाज कोर्टातला, समजुतीचा. "तू जाऊन तिथे फसली असतीस, आणि लोक तोंडावर हसले असते. त्यापेक्षा हे बरं. मी तुझ्या भल्याचंच केलं."

"लोक हसतात ते तुम्ही हसवता म्हणून."

"आता प्रत्येक विनोदाचा खटला करायचा का?" तो उठला, स्वतःच गॅस पेटवला, आणि साखरेचा डबा कुठे आहे म्हणून विचारलं. पंचवीस वर्षं डबा त्याच फळीवर होता.

योगिनी बसून राहिली. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळायला लागलं. तो आवाज ऐकताना तिचा डावा तळवा आपोआप वर वळला आणि टेबलावर उघडा पडून राहिला.

४

तिसऱ्या रविवारी ती उदयच्या आधी पाण्यात उतरली.

समीरला आश्चर्य वाटलं. उदय म्हणाला, "अरे वा, बाईसाहेबांना पंख फुटले." ती तळाशी जाऊन बसली, डावा हात बाजूला धरला आणि वाट बघू लागली. वाट बघताना तिला स्वतःची लाज वाटली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, विज्ञानाची शिक्षिका, टँकच्या तळाशी भुताचा हात मागत बसलेली. भूत तरी म्हणावं का त्याला? भुताला काही मागणं असतं म्हणतात. ह्याने काही मागितलं नव्हतं.

हात आला. या वेळी ती वळली नाही. या वेळी तिच्या मास्कच्या अगदी कडेला, जिथे काच संपून रबर सुरू होतं तिथे, दुसरा हात वर आला, आणि त्या हाताने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला.

ठीक?

तिने उजव्या हाताने गोल करून उत्तर दिलं. ठीक. तो हात खाली गेला. थोड्या वेळाने पुन्हा वर. ठीक? तिने पुन्हा उत्तर दिलं. पाच-सहा वेळा असं झालं. ती रडत होती, आणि पाण्यात रडलेलं कुणाला दिसत नाही हे तिला फार सोयीचं वाटलं. वर, जमिनीवर, कुणी तिला असं विचारलं होतं का? विचारून उत्तराची वाट बघितली होती का?

मग त्या हाताने गोल केला नाही. अंगठा खाली केला.

खाली चलायचं?

ती टँकच्या तळाशीच बसली होती. गुडघ्यांखाली फरश्या होत्या. फरश्यांच्या खाली सिमेंट, त्याच्या खाली नागोलची माती.

तिने मान हलवली. नाही.

हात लगेच सुटला. रागाने नाही, हिसडा देऊन नाही. दारात आलेल्या पाहुण्याने "बरं, पुन्हा येतो" म्हणून वळावं तसा, अदबीने.

५

शेवटची परीक्षा उघड्या पाण्यात होती. शहराबाहेर तासाभरावर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. पावसाचं पाणी साठून साठून तिचं तळं झालं होतं. तीन बाजूंना ग्रॅनाइटचे सरळ कडे, एका बाजूने उतार. पाणी हिरवं. "नौ मीटर," समीर म्हणाला. "रस्सी पकडके नीचे, दस मिनिट, रस्सी पकडके ऊपर. बस."

ऊन चांगलं वर आलं होतं. सामान चढवताना उदय अखंड बोलत होता. योगिनी अंदमानला शार्क बघून त्याला भूगोल विचारेल. योगिनीला बघून मासेच पोहायला शिकतील. समीर हसायचं थांबला तरी तो थांबेना. त्याच्या जॅकेटचं बक्कल लावताना योगिनीला दिसलं, त्याची बोटं कापताहेत.

तो घाबरला होता. नुसता आज नाही. कानाचं दुखणं, शिडीला लटकून राहणं, सगळं तिला एकदम कळलं. तिच्या नावावर जी भीती तो सांगत फिरत होता ती कुणाची होती तेही कळलं. महिन्याभरापूर्वी हे कळतं तर तिला त्याची माया आली असती.

समीर दोर बांधायला पुढे गेला. उदय तिच्या कानाशी आला आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, विनोद न करता बोलला.

"योगिनी, माझ्याजवळ राहा. हं?"

"राहीन," ती म्हणाली.

खाली जाताना हिरवा उजेड आधी गडद, मग तपकिरी होत गेला. तळाशी गाळ होता. पायातले फिन्स लागले की तो धुरासारखा उठे. समीर दोराशी थांबला होता. तो दिसत नव्हता, नुसता त्याचा पिवळा सिलिंडर दिसत होता. उदयने तिचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला होता. ती पकड ओली, थंड, हाडापर्यंत रुतणारी होती. त्याचे बुडबुडे भराभर सुटत होते, दोन छोटे, एक मोठा, दोन छोटे, एक मोठा. "साब हवा पीते नहीं, खाते," असं समीर म्हणायचा.

मग डावीकडे दुसरा हात आला. कोरडा, शांत.

दोन्ही हात धरलेली ती मध्ये. उजवीकडे उदयच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. त्याने डोळे मिटले, उघडले. तिचा हात न सोडता दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या तोंडासमोर हलवला. गडबड. गडबड. गडबड.

डावीकडून गोल आला. ठीक?

योगिनीने त्या वेळी मान पूर्ण वळवली, आणि पाहिलं.

एकच क्षण. गाळ मध्ये आला म्हणून तेवढाच. मास्क होता. काच आतून अगदी स्वच्छ होती, श्वासाची वाफ नसलेली. आत उदयचाच चेहरा होता, सगळा बरोबर, भुवईवरच्या व्रणासकट. फक्त त्याच्यावर अजून कुणी कधी रागावलं नव्हतं, तो कधी कुणावर हसला नव्हता, दुकानातून नुकत्याच आणलेल्या कोऱ्या कपड्यासारखा. आणि तो चेहरा योगिनीकडे बघत नव्हता. तिला ओलांडून, तिच्या उजवीकडे बघत होता. तीन रविवार तो हात तिच्याशी बोलत होता. तिच्यासाठी तो आलाच नव्हता.

त्याने अंगठा खाली केला. मग उदयकडे बोट केलं. मग तिच्यासमोर गोल धरला आणि वाट बघू लागला.

ठीक?

समोरच्याने विचारलं तर उत्तर द्यायचंच असतं. डावा हात त्याच्याकडे होता. उत्तर द्यायचं तर उजवा मोकळा करायला हवा होता.

तिने उदयच्या हातातून आपली बोटं एकेक करून सोडवली. अंगठा आणि बोट जुळवलं.

ठीक.

६

ती वर आली तेव्हा उदय आधीच वर होता. दोराचा तरंगता बोय धरून, मास्क कपाळावर सारून.

"साब! अकेले कायकू आए ऊपर?" समीर ओरडला. "नीचे ढूंढरूं मैं तुमको!"

"चूक झाली," उदय म्हणाला. "माफ करा." मग तिच्याकडे वळून, "ठीक?"

समीरने योगिनीकडे पाहिलं. उदय परतूरकर माफी मागतो, हे त्यालासुद्धा नवीन होतं.

त्या दिवसापासून घरात सगळं चांगलं झालं. उदय चहा करायचा. साखरेचा डबा त्याला सापडायचा. तो स्वतः चिटणिसांकडे गेला, आपण खोटं बोललो असं सांगून आला, आणि तसं पत्र लिहून दिलं. पुढच्या जूनपासून योगिनीला दिलसुखनगरला या म्हणून निरोप आला. लग्नकार्यात तो आता गोष्टी सांगत नसे. कुणी आग्रह केला तर म्हणे, "योगिनी फार हुशार आहे." लोक थोडा वेळ थांबत, पुढे काही येत नाही म्हटल्यावर पांगत. प्राची चार दिवस येऊन गेली. निघताना आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, बाबा किती गोड झालेत गं! आधीच का नाही पाठवलं मी तुम्हाला डायव्हिंगला!"

तो भांडी घासून आला तरी त्याचे हात कोरडे असत. टॉवेल कधी ओला होत नसे. सुटीच्या दुपारी तो शेजारी आडवा व्हायचा तेव्हा पंख्याचा आवाज यायचा, रस्त्यावरच्या ऑटोंचा यायचा, वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचा यायचा. त्याचा कसलाच यायचा नाही.

आणि तो विचारायचा. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, "ठीक?" वह्या तपासताना, "ठीक?" आंघोळ करताना बाहेरून, "ठीक?" एकदा तिने ठरवून उत्तर दिलं नाही. तो दारात उभा राहिला. रागावला नाही, पुन्हा विचारलंही नाही. चेहऱ्यावर तीच आस्था घेऊन, पापणी न हलवता, चाळीस मिनिटं. शेवटी तिनेच "ठीक" म्हटलं. तेव्हा तो गेला.

एका संध्याकाळी तिने त्याला डिवचायचं ठरवलं. जे तोंडात यायला नको ते बोलली. "तुमची आई गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तुमच्याशी लग्न करून मी माती केली. ऐकताय ना? तुम्ही नालायक आहात." ती हात जोडून विनवल्यासारखी बोलत होती. एक टोमणा. एक तिरकस वाक्य. काहीही.

"साहजिक आहे," तो मायेने म्हणाला.

योगिनी न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून ओरडली.

७

सातव्या आठवड्यात, शाळेतून अर्धी रजा काढून, ती टॅक्सीने खाणीवर गेली. एकटी. टॅक्सी रस्त्यावर थांबवून उतार उतरली. दुपारचं कडक ऊन होतं, कड्यांवर माणूस नाही, शेळीसुद्धा नाही. पाणी हिरवंगार आणि सपाट.

आपण कशाला आलो, हे तिला सांगता आलं नसतं. खाली काही नाही हे बघून घ्यावं, आणि मनाचा भ्रम म्हणून डॉक्टरकडे जावं, असं काहीतरी. ती काठावरच्या दगडावर बसली.

काठापासून पंधरा-वीस हातांवर बुडबुडे येत होते.

गाळातून वायू सुटतो. पानं कुजतात, तळाशी मिथेन साठतो. दहावीच्या पुस्तकात आहे. तिने स्वतःला ते नीट, पूर्ण वाक्यात सांगितलं. मग ती मोजायला लागली. दोन छोटे, एक मोठा. दोन छोटे, एक मोठा. भराभर, घाबरलेल्या माणसाचे. एक सिलिंडर फार तर तासभर पुरतो. आज एकोणपन्नासावा दिवस होता.

ती दगडावरून उतरली, पाण्यात घोट्यांपर्यंत गेली, वाकली आणि उजवा हात मनगटापर्यंत बुडवला.

बुडबुडे थांबले. मग पुन्हा सुरू झाले, अलीकडे. दहा हातांवर. मग पाच. पाण्याखाली कुणीतरी हाताच्या दिशेने येत होतं, हळूहळू, चाचपडत, डोळ्यांत पाणी गेलेल्या माणसासारखं. गाळाचा एक ढग तिच्या पायाशी उठला. त्या ढगात काहीतरी फिकट होतं. पाच बोटं असावीत. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर ती बोटं थांबली आणि डावी-उजवीकडे हलू लागली.

आता फक्त हात थोडा पुढे करायचा होता.

तो वर आला की काय बोलेल, ते योगिनीला शब्दशः ऐकू आलं. शिव्या नाहीत. रडणं नाही. दम खाऊन झाला की तो डोळे पुसेल, तिच्याकडे बघेल, आणि पुढची वीस वर्षं माणसांमध्ये तिची ही गोष्ट सांगत राहील.

पर्समधला फोन वाजला. डाव्या हाताने तिने तो काढला.

"जेवलीस?" पलीकडून त्याने विचारलं. मागे घरातला पंखा ऐकू येत होता. "मी भात लावलाय. वरणही झालंय."

ती पाण्याकडे बघत राहिली. ती फिकट बोटं अजून हलत होती, आता जास्त जोरात.

"वाढून ठेवा," ती म्हणाली. "निघालेच."

तिने हात पाण्यातून काढला, साडीच्या निऱ्यांना पुसला आणि उतार चढायला लागली. अर्ध्यावर पोचली तेव्हा मागे पाणी उकळल्यासारखं खळाळत होतं. तिने चपलेतला खडा काढला, आणि टॅक्सीवाल्याला हात केला.